संत्र्याचा पाक

पाक म्हणजे पाण्यांत विरघळलेली साखर, एवढी व्याख्या पुरेशी वाटते. परंतु पाकाचें खरें सामर्थ्य साखरेच्या प्रमाणांत आहे. एक भाग पाण्यास वजनानें दोन भाग साखर घातली, म्हणजे शंभर भाग पाकांत साखर सुमारें ६६ भाग होते. इतकी साखर पाण्यास बांधून ठेवते, आणि पदार्थ नासविणाऱ्या सूक्ष्म जंतूंस तें मिळेनासें होतें. औषधांतील साधा पाकही याच प्रमाणाचा असतो.

१९९८ सालीं अकोल्यापासून निराळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यांत मंगरुळपीर, कारंजा या भागांत संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहाराचीं फळें हिवाळ्याच्या आरंभीं व मृग बहाराचीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं उतरतात. मोठ्या फळास गिऱ्हाईक मिळतें. लहान फळास भाव येत नाहीं. रसास मात्र फळाच्या आकाराचें सोयरसुतक नसतें. तेव्हां अशा फळाचा पाक करावा, हें सहज सुचतें.

पण संत्र्याचा रस विस्तवावर ठेवला कीं कडू होतो. लिमोनिन नांवाचें द्रव्य यास कारण. त्याचें मूळ बियांतून व पांढऱ्या शिरांतून रसांत उतरतें. कडवटपणा एरव्हीं हळूहळू प्रकट होतो, उष्णतेनें तो लवकर येतो. म्हणून बिया काढून रस हलक्या हातानें पिळावा आणि विस्तव केवळ साखरेस द्यावा. दोन किलो साखर, एक किलो पाणी व एका लिंबाचा रस एकत्र तापवून, साखर विरतांच मळी काढून उतरवावें. लिंबाच्या आम्लानें साखरेचा कांहीं अंश फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात. त्यामुळें पाकांत सहसा खडे धरत नाहींत. पाक पूर्ण निवल्यावर त्यांत एक किलो संत्र्याचा रस मिसळावा.

तथापि रस पडतांच साखरेचें प्रमाण ६६ वरून सुमारें ५२ वर येतें, आणि जंतूंस पुन्हां वाव मिळतो. तापवावा तर कडू, न तापवावा तर अल्पायुषी, अशी ही अडचण आहे. कारखाने त्यावर रक्षक द्रव्य घालतात. घरीं मात्र थोडा थोडाच करावा, उकळत्या पाण्यानें शुद्ध केलेल्या कोरड्या बाटलींत भरून शीतकपाटांत ठेवावा व आठवड्याभरांत संपवावा. फेस किंवा आंबूस वास आल्यास टाकून द्यावा. पितांना एका भागास तीन भाग गार पाणी पुरे.

शहरांतील घरें रसासाठीं लहान फळ मागूं लागलीं, तर बागाइतदाराच्या त्या फळासही बाजारांत किंमत येईल.