पाहुणे, पाऊस आणि पावनखिंड

आषाढ लागला की मलकापुरातल्या घरोघरी पाहुण्यांचे फोन सुरू होतात. ‘पावनखिंड करायची आहे, कधी येऊ?’ आमचं गाव कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं, एके काळी विशाळगड जहागिरीचं ठाणं. एका अंगाला पन्हाळा, दुसऱ्या अंगाला विशाळगड. त्यामुळे या वाटेची चौकशी आमच्याकडे होणं साहजिकच आहे. पाहुणे यावेत, हौसेनं यावेत. पण मंडळी, पावसात पाहुण्यांना डोंगरात नेणाऱ्या यजमानाला एक गोष्ट जमावी लागते, आणि ती म्हणजे ‘नाही’ म्हणणं.

हे सांगायचं कारण असं. काही वर्षांपूर्वी माझा एक जुना मित्र अमेरिकेहून आला. शाळेपासूनचा सोबती, सहा वर्षांनी भेटत होता. बरोबर पुण्याचा आणखी एक जण. त्यांच्या हातात एकच दिवस होता. आम्ही पाटेवाडीकडून पांढरेपाण्याची वाट धरली. सकाळी नुसती भुरभूर होती. दहाच्या सुमारास धुकं इतकं उतरलं, की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. वाटेतला पहिला ओढा घोट्याइतका, दुसरा गुडघ्याला लागलेला. तिसऱ्या ओढ्यापाशी इरलं पांघरून एक म्हातारबाबा उभे होते. आम्हाला पाहून म्हणाले, “पावणं, पानी तांबडं झालंय बगा. वर कोसळालाय. कुटं निघालासा?”

त्या दोन वाक्यांत सगळं शास्त्र आलं. आपल्या डोक्यावर पाऊस किती आहे, यावर ओढ्याचं पाणी ठरत नाही. वरच्या कड्यावर, सड्यावर किती पडतोय, त्यावर ठरतं. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि माथ्यावरच रिते होतात. म्हणून कोल्हापुरात रिमझिम असते तेव्हा आंब्याला, गजापूरला धो धो सुरू असतं. सड्याचा जांभा दगड आषाढापर्यंत पाणी पिऊन तुडुंब झालेला असतो. मग पडेल ते पाणी सरळ ओढ्याला लागतं, माती घेऊन येतं आणि ओढा तांबडा होतो. अर्ध्या तासात गुडघ्याचं पाणी मांडीला लागतं. तळाचे दगड दिसत नाहीत, आणि वाहतं पाणी मांडीला लागलं की धडधाकट माणसाचाही पाय सुटतो.

मी म्हटलं, “परत फिरू.” मित्राचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “अरे, मावळे याच पावसात, रात्रीचे गेले! आणि आपण दिवसाढवळ्या माघारी? मी पुन्हा कधी येणार?” यातलं शेवटचं वाक्य मला लागलं. खरंच, तो पुन्हा कधी येणार होता?

पण मावळ्यांचा दाखला द्यायचा तर पुरा द्यावा. जुलै १६६०मध्ये महाराज पन्हाळ्यावरून निघाले, ते सिद्दी जौहरचा वेढा चार महिने सोसल्यावर. पाठीवर शत्रूचं घोडदळ होतं. थांबणं म्हणजे मरण होतं. बरोबरचे बांदल मावळे याच सह्याद्रीत वाढलेले, चिखल, धुकं, ओढे त्यांच्या पायाखालचे. शिवा काशिदांनी महाराजांचा वेश घेऊन प्राण दिले. घोडखिंडीत बाजीप्रभू आणि त्यांच्या सोबत्यांनी देह ठेवले, म्हणून ती पावनखिंड झाली. त्यांच्या मागे शत्रू होता, आपल्या मागे फक्त सोमवारचं ऑफिस असतं. त्यांनी जीव दिला तो कार्यासाठी. आपण तो फोटोसाठी पणाला लावला, तर त्यात बाजीप्रभूंचा मान कसला?

आम्ही माघारी वळलो. पुण्याचा गडी तोवर कुडकुडायला लागला होता. अंगात जीन्सची पँट, ती भिजून जड झालेली, वर वारा. लोकांना वाटतं, थंडी बाधते ती हिमालयात. तसं नाही. ओले कपडे आणि वारा मिळून अंगातली ऊब सह्याद्रीतही ओढून घेतात. कापरं भरतं, बोलणं अडखळतं, पाऊल चुकतं. अशा माणसाला आडोशाला नेऊन कोरडे कपडे द्यावेत, शुद्धीवर असेल तर गरम, गोड चहा पाजावा. वाडीतल्या एका घरानं आम्हाला चुलीपुढं बसवलं. मित्र मात्र संध्याकाळपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही. त्या अबोल्याची किंमत मोजावी लागते, आणि ती यजमानानंच मोजायची असते. कारण पाहुण्याला रस्ता ठाऊक नसतो, त्याला फक्त परतीची तारीख ठाऊक असते.

तेव्हा पाहुणे येणार असतील तर घरातून निघण्याआधीच ठरवा: किती वाजता आणि कुठून परत फिरायचं. दिवस दोन ठेवा, एक पावसासाठी राखीव. वाटेत भेटलेल्या गुराख्याचं ऐका. ओढा चढला असेल तर काठावर थांबा. डोंगरातला ओढा चढतो तसा पाऊस ओसरल्यावर उतरतोही. एकमेकांचे हात धरून पाण्यात शिरण्याचं धाडस करू नका, एक घसरला की साखळी जाते. आणि पाऊस हटलाच नाही, तर पिठलं-भाकरी खाऊन गप्पा मारा. कासारीच्या उगमाजवळची ती खिंड साडेतीनशेहून अधिक वर्षं तिथंच आहे. ती पुढच्या वर्षीही असेल. तिच्यापर्यंत जाणारी माणसं असायला हवीत.