पावसाळ्यातील पंच



कबड्डीच्या पंचांचे संमेलन भर पावसाळ्यात, मैदानांवर गुडघाभर तण माजलेले असताना आणि आपल्यापैकी निम्म्यांची डवरणी अर्धवट राहिलेली असताना का भरवावे, असा प्रश्न मला गेल्या आठवड्यात दोघातिघांनी विचारला. त्याचे एक उत्तर सर्वांना ठाऊकच आहे. १५ जुलै हा शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस आपण महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतो. आणि ज्या पुरुषाने मातीतल्या ह्या खेळाला देशभर प्रतिष्ठा मिळावी म्हणून आपले आयुष्य वेचले, त्याचे स्मरण पेरणीची सबब सांगून पुढे ढकलणे उचित नव्हे. दुसरे उत्तर असे की, मला आज ह्याच महिन्यांविषयी, म्हणजे मैदान बंद असताना पंच काय करतो आणि त्याने काय करावे ह्याविषयी बोलायचे आहे. आणि तो विषय पावसाच्या आवाजात जितका समजेल तितका माघातल्या उन्हात समजणार नाही.

पंच हा शब्द आपल्या मुलखात ह्या खेळाच्या नियमांहून पुष्कळ जुना आहे. बांध कोणाचा, पाण्याची पाळी कोणाची, बैल कोणाच्या उभ्या पिकात शिरला, ह्याचा फैसला गावात पंचच करीत आले, आणि आजही पंचनाम्यावर पंचांची सही झाल्याशिवाय सरकारी दप्तरात तो रुजू होत नाही. त्या जुन्या पंचाला कोणी सनद दिलेली नव्हती. वर्षाचे बारा महिने तो गावाच्या डोळ्यांसमोर राही, देणेघेणे करी, माप भरी, शब्द पाळी, आणि ह्या वागण्यावरूनच तंट्याच्या दिवशी त्याचा शब्द मानला जाई. आपल्याला मात्र परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे, पांढरा सदरा आहे, शिट्टी आहे. आणि त्यामुळे आपले पंचपण शिट्टीबरोबर खुंटीला टांगता येते असा एक समज आपल्यात शिरला आहे. तो समज खोटा आहे, हे सांगण्यासाठी मी उभा आहे.

आपला वर्षक्रम पाहा. मृगाच्या पावसाबरोबर मैदाने मिटतात; सोयाबीन आणि तूर पेरली की निंदण, डवरणी, फवारणी; मग पोळा; मग सोंगणी आणि मळणी. मधल्या काळात शालेय स्पर्धांचे चार दिवस येतात, पण खरा हंगाम उघडतो तो दिवाळीनंतर, शेत मोकळे झाल्यावर. आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, तोही ऐन पेरणीच्या दिवसांत. आणि ह्या जिल्ह्याचा पंच बहुधा शिक्षक असतो, शेतकरी असतो, पुष्कळदा एकाच वेळी दोन्ही असतो. मैदानावरच्या मानधनावर कोणाचेही घर चालत नाही. तेव्हा पावसाळ्याच्या चार महिन्यांत तो कष्ट करतो की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही. त्या कष्टांत त्याचा कान आणि त्याचा डोळा जागा राहतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

ह्या बाबतीत दूरचा एक दाखला मला मननीय वाटतो. अमेरिकेत बेसबॉल नावाचा चेंडूफळीचा खेळ आहे. तो वसंतात सुरू होऊन शरदात संपतो आणि हिवाळ्यात मैदाने ओस पडतात. तिथला पंच फळीवाल्याच्या पाठीमागे वाकून उभा राहतो आणि एकेका सामन्यात शेकडो चेंडूंचा निवाडा डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच करतो. पूर्वीच्या काळी हे पंच हिवाळ्यात दुसरे उद्योग करून पोट भरीत. पण १९३५ साली जॉर्ज बार नावाच्या एका पंचाने पंचांसाठी शाळाच काढली, पुढे इतरांनीही तसे केले, आणि थंडीचे मोकळे दिवस हे नव्या पंचांच्या शिक्षणाचे व जुन्या पंचांच्या अध्यापनाचे दिवस ठरले. कुठे उभे राहावे, मान किती वाकवावी, हात केव्हा उचलावा, हे तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोटून घेतात. जो खेळ आपण कधी खेळणार नाही त्याच्या पंचांकडून ही एक गोष्ट आपण घ्यावी, असे मला मनापासून वाटते. शारीरिक शिक्षणाची परंपरा आपल्याला नवी नाही. आपल्याच विभागातल्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, आणि तिथल्या तरुणांनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी जगाला आपला हुतूतू दाखविला. खेळाडू घडविण्यात वऱ्हाड कधी मागे राहिले नाही. पंच घडविण्याचे काम मात्र आपण वर्षातून एकदा होणाऱ्या परीक्षेवर सोपवून मोकळे झालो.

आता दमाविषयी. चढाई करणाऱ्याने मध्यरेषा ओलांडण्यापूर्वीच दम सुरू करावा, 'कबड्डी' हा उच्चार एका श्वासात, स्पष्ट आणि अखंड ठेवावा, आणि तीस सेकंदांच्या आत परतावे, हा नियम आपल्यातले सर्वांत लहान मूलही सांगेल. पण हा नियम ऐकायचा आहे, पाहायचा नाही, हे आपण विसरत चाललो आहोत. गडी निदान रेषा ओलांडून बोनस रेषेकडे झेपावतो तेव्हा त्याचे तोंड आपल्याकडे नसते. भोवती दोन गावांचा गलका असतो, ध्वनिक्षेपकावरून बक्षिसांची घोषणा चालू असते. आणि नेमक्या त्याच क्षणी, वळता वळता, तो चोरून श्वास घेतो. तो श्वास ओठांवर दिसत नाही. शेवटचा 'डी' किंचित बुडतो, पुढचा 'क' थोडा कोरडा निघतो, खांदे बोटभर वर येतात. २०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हापासून आपण घरबसल्या उत्तम सामने पाहतो, संशय आला तर तिथे दृश्यफीत पुन्हा लावून पाहता येते. आपल्या गावच्या पटांगणात मात्र ती फीत म्हणजे पंचाचा कान.

म्हणून गेली पुष्कळ वर्षे मी पावसाळ्यात एक सराव करतो. शाळेच्या ओसरीवर टिनपत्रे आहेत. पाऊस पडू लागला की त्यांवर असा आवाज होतो की समोरच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. अशा वेळी दोन मुलांना मी पाठमोरे उभे करतो, एकामागून एक दम घालायला लावतो, मध्ये कुठेतरी चोरून श्वास घ्यायला सांगतो, आणि डोळे मिटून बसतो. श्वास तुटला असे वाटले की हात वर करायचा. पहिल्या आठवड्यात दहापैकी चार वेळा मी चुकतो. पोळ्यापर्यंत क्वचितच चुकतो. रात्री घरी, फरशीवर खडूने पटांगण आखून, एका बाजूला सात तुरीचे दाणे आणि दुसऱ्या बाजूला सात सोयाबीनचे ठेवून, झालेल्या सामन्यातल्या वादग्रस्त चढाया मी पुन्हा मांडतो : चढाई करणारा कुठे होता, कोपऱ्यातला गडी कुठे सरकला, मी कुठे उभा होतो, आणि तिथून मला काय दिसणे शक्य होते.

ही सवय मला उपजत नव्हती. ती ज्या प्रसंगाने लागली तो सांगितल्याशिवाय हे भाषण प्रामाणिक होणार नाही. अकरा हंगाम पंचगिरी केल्यानंतर मी एका वर्षी सबंध पावसाळा नियमांच्या पुस्तकाला हात लावला नाही. अनुभव पुरेसा आहे असे वाटले. त्या हिवाळ्यात एका अंतिम सामन्याच्या शेवटच्या चढाईत, मी ज्या बाजूला उभा होतो त्याच बाजूच्या राखीव क्षेत्रात चढाई करणाऱ्याचा पाय पडला, आणि त्यानंतर त्याच्या हाताचा स्पर्श कोपऱ्यातल्या गड्याला झाला. स्पर्शापूर्वी पाय राखीव क्षेत्रात गेला की गडी बाद. माझे लक्ष हातावर होते. मी स्पर्शाचा गुण दिला. हरलेल्या संघाचा कर्णधार शांतपणे जवळ आला आणि म्हणाला, “सर, पाय पाह्यला का?” मी म्हणालो, “पाहिला.” एका गुणाने हरलेला तो संघ खरे तर एका गुणाने जिंकला होता.

सोळाशे वर्षांपूर्वी वाकाटकांच्या विंध्यशक्तीने दिलेल्या दानाचा ताम्रपट १९३९ साली ह्याच वाशीममध्ये, म्हणजे जुन्या वत्सगुल्मात, उजेडात आला. आपल्या निर्णयांना तांबे लाभत नाही. गुणपत्रक चार वर्षांत वाळवीच्या स्वाधीन होते. पण हरलेले गाव विसरत नाही, आणि मलाही विसरता आले नाही. पुढच्या आषाढात डवऱ्यामागे चालताना, तासाच्या कडेला उमटलेले माझेच पाऊल पाहिले की मला तो पाय आठवे. आणि पायाहूनही माझा तो एक शब्द आठवे, कारण नजर चुकणे हा कसूर आहे, पण न पाहिलेले पाहिले म्हणणे हा गुन्हा आहे. निंदण आटोपल्यावर मी त्या गावी गेलो. कर्णधार शेतात होता. मी जे सांगायचे ते उभ्याउभ्याच सांगितले. त्याने खुरपे बांधावर ठेवले, थोडा वेळ पिकाकडे पाहिले आणि म्हणाला, “तवाच सांगतलं असतं तं बरं झालं असतं, सर.” मग घराकडे पाहून चहा ठेवायला आवाज दिला.

संघटनेकडे माझ्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक तालुक्यात चालू नियमांची मराठी प्रत पंचाच्या हाती पावसाळ्याच्या आरंभीच पडावी, दिवाळीनंतर नव्हे. पोळ्यापूर्वी प्रत्येक पंचाचे डोळे आणि कान तपासले जावेत. पन्नाशीनंतर दूरचे दिसते आणि जवळची रेषा पुसट होते, हे मी स्वतःवरून सांगतो. आणि पंचभगिनींना केवळ मुलींच्या सामन्यांवर नेमण्याची रीत आता सोडावी. कानाला स्त्री-पुरुष हा भेद नसतो.

माझे बोलणे संपले. जेवणानंतर मागच्या ओसरीवर, टिनपत्र्यांखाली, दमाचा सराव ठेवला आहे. शाळेची आठ मुले त्यासाठी थांबली आहेत आणि आभाळ पाहता पाऊसही थांबेलसे वाटत नाही. फरशीवर पटांगण मी सकाळीच आखले आहे. तुरीचे आणि सोयाबीनचे दाणे माझ्या पिशवीत आहेत. ज्याच्या मनात गेल्या हंगामातली एखादी चढाई अजून सलत असेल, त्याने ती तिथे मांडावी.