जुनी रेंज रोव्हर पारखताना

2002 साली विक्रीस आलेली तिसऱ्या पिढीची रेंज रोव्हर आज पुष्कळ उतरत्या किमतीस मिळते; तिच्या सुट्या भागांच्या किमती मात्र उतरलेल्या नाहीत. या गाडीचा भार पोलादी स्प्रिंगांऐवजी हवा भरलेल्या चार रबरी फुग्यांवर तोललेला असतो. रबर जीर्ण झाले की हवा झिरपते, आणि ती भरून काढता काढता कॉम्प्रेसर झिजतो. चतुर विक्रेता ग्राहक येण्यापूर्वीच इंजिन सुरू करून ठेवतो. फुगे भरतात, व्यंग झाकले जाते. म्हणून गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवावयास सांगून सकाळी, इंजिन थंड असतानाच, पाहावी. ती खाली बसलेली दिसल्यास जुन्या पावत्या मागाव्यात. फुगे व कॉम्प्रेसर बदलल्याची नोंद त्यांत नसेल, तर तो खर्च आपल्याच माथी आहे असे धरून भाव ठरवावा.