कुठं निघालीस?

(यंदाच्या आठ मार्चच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

अमेरिकेबद्दल बोल असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. लेकीचं बाळंतपण करून आलेल्या बाईकडे सांगण्यासारखं काय असणार? डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, रात्रीची जागरणं. ते काम आपण सगळ्याच जणी करतो, त्याचा पगार कुणी देत नाही, आणि त्यावर मी याच व्यासपीठावरून पूर्वी भरपूर बोलले आहे. त्यामुळे आज मी फक्त एका बागेबद्दल बोलणार आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मी तिथे बऱ्याचदा गेले. सांगायला सोपं वाटतं, पण पहिल्यांदा मी तिथून परत फिरले होते. आधी तेच सांगते.

बाग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कारंजं येतं, ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी येते आणि सात वाजले की शिट्टी मारणारा रखवालदार येतो. ही बाग तशी नाही. सिएटल शहराच्या हद्दीतच, समुद्राच्या कडेला, ५३४ एकर जंगल, माळ आणि किनारा आहे. नाव डिस्कव्हरी पार्क. आपलं मुंबईचं माहीम निसर्ग उद्यान ३७ एकरांचं, म्हणजे तशी चौदा उद्यानं एकत्र केलीत तर होईल एवढी ही जागा. शहराच्या मध्यातून ३३ नंबरची बस थेट तिथे जाते. तिकीट नाही, कुणी नाव विचारत नाही.

सव्वा महिना झाला, लेक हिंडू-फिरू लागली, तेव्हा तीच म्हणाली, “आई, तू जरा बाहेर पड. चार तास मी बघते.” मी बसमधून उतरले. समोर पायवाट आत जात होती. दोन्ही बाजूंना मेपल आणि सीडारची उंच झाडं, खाली कमरेएवढे नेचे, आणि माणूस एकही दिसेना. मी तिथे उभी राहिले. पंचवीस-तीस पावलं आत गेले. समोरून एकटा पुरुष आला, पाठीवर पिशवी, कानात गाणी. त्यानं माझ्याकडे धड पाहिलंही नाही. तो दिसेनासा झाल्यावर मी वळले आणि बसथांब्यावर येऊन बसले. पाऊण तास बसले. घरी जाऊन लेकीला सांगितलं, छान आहे बाग.

म्हणजे बघा. ‘रात्र आमचीही आहे’ म्हणत ज्या बाईनं मशाली घेऊन मोर्चे काढले, ती भर दुपारी झाडांना घाबरून परत आली. मोर्च्यात शंभर जणी असतात. एकटीनं चालणं वेगळं. आणि खरं सांगायचं तर, भीतीइतकाच मला दुसरा एक अडथळा होता. मला तिथे काही काम नव्हतं. आपल्याकडे बाई घराबाहेर दिसली की पहिला प्रश्न, “कुठं निघालीस गं?” त्याला उत्तर लागतं. दळणाला, बँकेत, शाळेत डबा द्यायला, मीटिंगला. खेड्यातली बाई तर शहरातल्या बाईपेक्षा कितीतरी जास्त चालते, पण डोक्यावर हंडा असतो, मोळी असते. ओझं नसताना चालणारी बाई लोकांना खटकते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या विनाकारण बाहेर असण्यावर २०११ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं, त्यावर आपण चर्चाही घेतली होती. मी तेव्हा मोठ्या उत्साहानं बोलले होते. त्या पायवाटेवर मात्र मला कुणी विचारलं नसतानाही मी मनातल्या मनात उत्तर शोधत होते.

दुसऱ्या खेपेला एक म्हातारी भेटली. हातात काठी, डोक्यावर टोपी, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असावी. ती एकटीच आत शिरली. मी तिच्या पन्नास पावलं मागून चालत राहिले. तिला ते कळलं असणार, कारण एका वळणावर ती थांबली आणि म्हणाली की इथून डावीकडे गेलीस तर समुद्र दिसेल. मग आम्ही बरोबर चाललो. मला इंग्रजी बेताचं येतं, तिला घाई नव्हती.

जंगलातून फिरून परत येणारी मुख्य वाट साधारण साडेचार किलोमीटरची आहे. अर्ध्यावर झाडी एकदम संपते आणि वाळलेल्या गवताचा मोठा माळ लागतो. माळाच्या कडेला उभा कडा, खाली प्युजेट साउंडचं पाणी, पलीकडे ऑलिंपिक पर्वताची बर्फाची रांग. हवा स्वच्छ असली तर दक्षिणेला माउंट रेनिअर. पांढऱ्या फेरीबोटी ये-जा करत असतात. कड्यापासून खाली उतरलं की किनारा, आणि टोकाला १८८१ सालचं ठेंगणं दीपगृह. गोव्या-कोकणासारखी वाळू समजू नका. गोटे, वाहून आलेले ओंडके, पाणी असं गार की पाऊल बधिर होतं. ओहोटीला लांबवर चिखल उघडा पडतो, मुलं तारामासे शोधतात. आणि या सगळ्याच्या पाठीला लागून शहराचं मैलापाणी शुद्ध करण्याचं भलंमोठं केंद्र आहे! १९६६ पासून ते तिथेच आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत मोठ्या पावसात ते बंद पडलं आणि कोट्यवधी लिटर घाण पाणी समुद्रात गेलं. तिथल्या झाडांची, पक्ष्यांची स्तुती करणाऱ्या लेखांत हे केंद्र सहसा सापडत नाही. पण शहराची घाण कुठेतरी जावीच लागते, हे आपल्याकडच्या सफाई कामगार बायकांना सांगायला नको.

मला तिथे सगळ्यात जास्त आठवते ती माळावर झोपलेली एक बाई. चाळिशीची असेल. गवतावर उताणी, तोंडावर टोपी, बूट काढून बाजूला ठेवलेले. जवळ कुणी नाही. अर्ध्या तासानं मी परत त्याच वाटेनं आले, तरी ती झोपलेलीच. उघड्या आभाळाखाली बाई एकटी झोपली आहे आणि लोक बाजूनं जात आहेत. मी चाळीस वर्षांत असं काही आपल्याकडे पाहिलेलं नाही. स्टेशनच्या फलाटावर बायका झोपतात, पण पिशवी कवटाळून, अर्ध्या जाग्या.

आता कुणी म्हणेल, ही अमेरिकेची आरती झाली. नाही. तिथेही मुली पळायला येतात त्या पुष्कळदा दोघी-दोघी, काहींच्या गळ्यात शिट्टी असते, म्हणजे समजा. शिवाय येणारे बहुतेक गोरे, गाडीवाले. बसमधून उतरणारे आम्ही थोडे. आणि ही जागा कुणाची, हा प्रश्न तर त्याहून मोठा.

त्या काठीवाल्या बाईनंच मला सांगितलं की बागेच्या एका अंगाला ‘डेब्रेक स्टार’ नावाची इमारत आहे, ती चुकवू नकोस. हे तिथल्या मूळ रहिवाशांचं, ज्यांना आपण रेड इंडियन म्हणायचो त्यांचं, सांस्कृतिक केंद्र. तिथे मला जी तारीख कळली तिच्यामुळे आज हा विषय घेतला. ८ मार्च १९७०.

थोडं मागून सांगते. सिएटल हे नावच डुवामिश आणि सुक्वामिश लोकांच्या प्रमुखाचं. १८५५ साली या भागातल्या जमातींशी करार झाला, जमीन गेली, लोकांनी राखीव भागात जायचं ठरलं. १८६५ साली तर त्या प्रमुखाच्याच नावाच्या गावानं कायदा केला की मूळ रहिवाशांनी गावात घर करून राहायचं नाही. त्या प्रमुखाची मुलगी किकिसोब्लू. गोऱ्यांनी तिला ठेवलेलं नाव प्रिन्सेस अँजेलिन. ती गेली नाही. बंदराजवळच्या झोपडीत राहिली, गोऱ्यांच्या घरचे कपडे धुतले, टोपल्या विणून विकल्या, आणि १८९६ साली त्याच गावात मेली. तिला राजकन्या म्हणत तिचे फोटो काढायचे आणि तिच्याकडूनच धुणं धुऊन घ्यायचं! धुणीभांडी करणाऱ्या मैत्रिणी इथे बसल्या आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आजच्या बागेच्या जागी पुढे लष्कराचा तळ झाला, फोर्ट लॉटन. दुसऱ्या महायुद्धात इथून लाखो सैनिक पॅसिफिककडे गेले. १९६० च्या दशकात लष्कराला ही जमीन नकोशी झाली. शहरातल्या नागरिकांनी बाग व्हावी म्हणून जोर लावला. मूळ रहिवाशांचं म्हणणं होतं की सरकारला नको असलेली जमीन ज्यांची होती त्यांना द्या. त्यांना कुणी विचारात घेतलं नाही. तेव्हा ८ मार्च १९७० ला शंभरेक माणसं, बर्नी व्हाइटबेअर यांच्यासारखे कार्यकर्ते पुढे होते, तळाच्या कुंपणावरून आत शिरली आणि त्यांनी तंबू ठोकले. लष्करी पोलिसांनी धरलं, कोठडीत टाकलं. जेन फोंडा ही नटी पाठिंब्याला आलेली, तिच्यामुळे वर्तमानपत्रवाले धावले. माणसं पुन्हा आत शिरली, पुन्हा धरली गेली, फाटकाबाहेर कित्येक दिवस तळ पडला. शेवटी १९७१ साली वाटाघाटी होऊन वीस एकर जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळाली. १९७३ ला बाग झाली, १९७७ ला हे केंद्र उभं राहिलं.

५३४ मधले वीस एकर, तेही भाड्यानं.

आठ मार्च हा योगायोग. त्यांनी महिला दिन पाहून तारीख ठरवली नव्हती. पण मी तिथे उभी होते तेव्हा मनात आलं ते आपल्या सवयीचं. नावं वाचली ती बहुतेक पुरुषांची. फाटकाबाहेर इतके दिवस तळ होता, मार्चमधली थंडी, सतत पाऊस, मग चूल कुणी पेटवली असेल? मुलं कुणी सांभाळली? आपल्या मोर्च्यांचे इतिहास लिहिताना आपणही हे विसरतो, म्हणून बोलले.

आता लेकीचं सांगते. ती इथे पुण्यात इंजिनिअर होती, चांगला पगार होता. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, एच-४ वर, ती तिकडे गेली. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. २०१५ साली काही जणींना परवानगी मिळाली, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोचल्यावरच, आणि माझ्या जावयाचा पोचला नव्हता. त्यातच २०१८ मध्ये सरकार ती मुभाही काढून घेण्याच्या गोष्टी करत होतं. जावई वाईट नाही हो. भांडी घासतो, दुपटी बदलतो. पण बँकेतलं खातं, गाडी, देशात राहायचा हक्क, सगळं त्याच्या नोकरीला टांगलेलं. शिकलेली पोरगी दिवसभर खिडकीशी.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघी बाळाला बाबागाडीत घालून बसनं बागेत गेलो. ब्लॅकबेरी पिकल्या होत्या, करवंदासारख्या तोडून खाल्ल्या. (त्या झुडपाला तिथे हिमालयन ब्लॅकबेरी म्हणतात. ते मूळचं हिमालयातलं नाहीच, पण नाव चिकटलं. बाहेरून आलं आणि माजलं म्हणून स्वयंसेवक ते उपटत असतात. लेक म्हणाली, आई, हीसुद्धा व्हिसावर आलेली दिसते.) माळावर बाळाला मी घेतलं आणि तिला म्हटलं, जा, चालून ये. ती निघाली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, “फोन घेतलास ना? किनाऱ्यावर उतरू नकोस. लवकर ये.”

ती दोन तासांनी आली. बाळ रडून झोपलं होतं, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी चिडले. वाट चुकलीस का, कुणी भेटलं का, फोन का नाही उचललास. ती शांतपणे म्हणाली, “वाट नाही चुकले. चालत होते फक्त.” आणि मग म्हणाली, “तू मला दहाव्या वर्षी मोर्च्याला नेलंस. पण शेजारच्या टेकडीवर एकटीला कधी जाऊ दिलं नाहीस. भाऊ जायचा.”

मैत्रिणींनो, मी तीस वर्षं भाषणं करते. मला उत्तर सुचलं नाही. जाऊ दिलं नाही हे खरं होतं. कारणंही खरी होती, आपल्या सगळ्यांकडे ती असतात. पण मी तिला भीती समजावून सांगितली नव्हती, नुसती दिली होती, माझ्या आईनं मला दिली तशी. आम्ही बसमध्ये फारसं बोललो नाही. पुढच्या आठवड्यापासून दर बुधवारी ती एकटी जाऊ लागली, मी बाळाजवळ. मला तिनं परत कधी सांगितलं नाही किती चालली, कुठे बसली. मीही विचारायचं नाही असं ठरवलं. एकदाच तोंडून निसटलं.

परत आल्यावर मी वेताळ टेकडीवर एकटी जाऊन आले. तीनदा. एकदा ओळखीच्या गृहस्थांनी विचारलंच, “काय, आज इकडे कुठे?” मी म्हटलं, कुठे नाही. ते जरा गोंधळले. २०२३ साली त्या टेकडीतून जाणाऱ्या रस्त्याविरुद्ध लोक उतरले तेव्हा मीही गेले होते. त्यात बायका खूप होत्या. पण संध्याकाळी सहानंतर त्याच टेकडीवर किती बायका एकट्या असतात, हे आपण कधी मोजलेलं नाही.

मला आता माझं बोलणं थांबवून तुमचं ऐकायचं आहे. वस्तीतून आलेल्या, गावाकडून आलेल्या, सगळ्यांनी एकेक करून सांगा. तुमच्याकडे अशी कुठली जागा आहे, जिथे काहीही काम नसताना, कुणी बरोबर नसताना, तुम्ही तासभर बसून आला आहात? आणि नसेल, तर तुम्हाला ती कुठे हवी आहे? मागच्या बाजूला बसल्या आहेत त्यांच्यापासून सुरू करू.