येशूविषयी आपले काही समज
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



न्यासाच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा गौरव सकाळपासून पुष्कळांनी केला, आणि तो यथार्थच आहे. आम्हांस मात्र चिटणिसांनी 'येशू कोण?' हा विषय नेमून दिला. विषय ऐकून प्रथम हसू आले. ज्या सभेतील बहुतेकांचा बाप्तिस्मा पाळण्यातच झाला, तेथे हे नव्याने काय सांगावयाचे? पण विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, ज्याला आपण जन्मापासून ओळखतो असे धरून चालतो, त्याच्याकडे नीट पाहण्याचे राहूनच जाते.

किरकोळ गोष्टी आधी उरकून घेऊ. 'ख्रिस्त' हे येशूचे आडनाव नव्हे. ती पदवी आहे. इब्रीतील 'मशीहा' म्हणजे अभिषिक्त, त्याचे ते ग्रीक रूप. २५ डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानात कोठेही नाही. पूर्वेकडून आलेले मागी लोक तीन होते असे मत्तय सांगत नाही, राजे होते असेही नाही. तीन देणग्यांवरून आपण तीन माणसे केली. गव्हाणीजवळचे बैल आणि गाढवही लूकने बांधलेले नाहीत. मग्दालीया मरीया ही वेश्या होती हे तर निव्वळ लादलेले. लूक लिहितो ते इतकेच की तिच्यातून सात भुते निघाली होती. पुढे पोप ग्रेगरी यांनी ५९१ च्या सुमारास एका प्रवचनात तिची आणि लूकमधील एका पापी स्त्रीची सरमिसळ केली, आणि त्या बिचारीला ती बदनामी आजतागायत चिकटली. बैलगाढवांनी कोणाचे बिघडत नाही. मरीयेच्या बाबतीत मात्र बिघडले.

आता चित्राकडे वळू. आपल्यापैकी अनेकांच्या बैठकीत येशूची जी तसबीर आहे, पिंगट केसांची, मऊ प्रकाशातली, ती शिकागोचे चित्रकार वॉर्नर सॉलमन यांनी १९४० साली काढली. तिच्या असंख्य प्रती जगभर गेल्या. चित्राला आमचा विरोध नाही. आमच्या घरीही आहे. पण शुभवर्तमानकारांनी येशूच्या रंगरूपाविषयी एक अक्षर लिहिलेले नाही, आणि गालीलातला सुतारकाम करणारा माणूस शिकागोच्या माणसासारखा दिसत असेल असे मानावयास आधार नाही. या तसबिरीमुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांस येशू साहेबांचा देव वाटला, आणि खरे बोलावयाचे तर आपल्यातल्या काहींनाही तसे वाटण्यात भूषण वाटले. वास्तविक फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली ओव्यांत छापून निघाले. गंमत अशी की येशूला मराठीचा पेहराव चढविणारा हा कवी जन्माने इंग्रज! पुढे रेव्हरंड टिळकांनी त्याला अभंगात आणले. आपल्याच गावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी तर जन्मभर मराठीतच लिहिले.

पण मराठी पेहराव हाही पेहरावच. आतला माणूस यहूदी आहे. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांस पूर्वी 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्यांच्यातले बहुतेक १९४८ नंतर इस्राएलास गेले. पण मराठी बोलणारे, आठव्या दिवशी मुलाची सुंता करणारे, शनिवार पाळणारे असे ते कुटुंब डोळ्यांपुढे आणा. येशूचे घर त्या घराला अधिक जवळचे होते, आपल्या घराला तितके नव्हे. त्याचीही आठव्या दिवशी सुंता झाली. जुन्या पंचांगात १ जानेवारीला तोच सण असे. तो सभास्थानात जाई, वल्हांडण पाळी. असे असता 'यहूद्यांनी प्रभूला मारले' हे वाक्य शब्बाथ शाळेत किती सहज शिकविले जात असे! वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती आणि हुकूम रोमी सुभेदार पंतय पिलात याचा होता. याजकांचे काही पुढारी त्यात सामील होते हे शुभवर्तमान लपवीत नाही. पण काही पुढाऱ्यांचा दोष एका सबंध जातीवर, तोही पिढ्यान्‌पिढ्या, लादल्याने युरोपात काय काय घडले ते आपण जाणता. कॅथलिक महासभेने तो आरोप १९६५ साली स्पष्टपणे दूर सारला. फार उशिरा, असे आमचे मत आहे.

दुसरा समज अधिक सूक्ष्म आहे, आणि तो भाविकांतच जास्त आढळतो. येशू म्हणजे माणसाचे सोंग घेतलेला देव. त्याला भूक लागल्याचे दिसे, पण खरी लागत नसे! मंडळीने ४५१ साली खाल्केदोनच्या परिषदेत नेमके याविरुद्ध ठरविले: तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, अर्धाअर्धा नव्हे. तो याकोबाच्या विहिरीवर थकून बसला, लाजाराच्या कबरेपाशी रडला. शेवटचा दिवस केव्हा येईल ते आपल्यालाही ठाऊक नाही असे त्याने सांगितले. सोंग मानले की त्याचे रडणे खोटे ठरते, आणि मग आपल्या दुःखाची त्याला काय ओळख?

आता ज्यासाठी उभे राहिलो ते सांगतो. चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपणांस पाठ आहे. आपण त्याचा अर्थ करतो 'दयाळू माणूस', आणि इस्पितळांना ते नाव देतो. ऐकणाऱ्यांच्या कानी मात्र 'शोमरोनी' हा शब्द शिवीसारखा पडत होता. देवळावरून, वंशावरून दोन्ही समाजांत जुने वैर होते. शोमरोन्यांचे गरिज्जीम डोंगरावरील मंदिर यहूदी राज्यकर्त्यानेच पाडले होते. एकच अध्याय मागे पाहा: शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला थारा दिला नाही, तेव्हा शिष्य त्या गावावर आकाशातून अग्नी पाडावयास निघाले होते, आणि त्याने त्यांस दटाविले. त्याच येशूने पुढे गोष्ट सांगितली तेव्हा आपला याजक आणि आपला लेवी यांस रस्त्याच्या कडेने पुढे धाडले, आणि तेल, द्राक्षारस, जनावर व दोन दिवसांच्या मजुरीचे पैसे शोमरोन्याच्या हाती दिले. शेवटी शास्त्र्याला विचारले, शेजारी कोण ठरला? शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' शब्द निघेना. 'ज्याने दया केली तो', एवढेच म्हणून त्याने वेळ मारून नेली.

म्हणजे शास्त्र्याने विचारले होते, 'माझा शेजारी कोण?' थोडक्यात, मदतीची हद्द कोठे आखू? येशूने हद्द आखून दिलीच नाही. उलट हद्दीपलीकडचा माणूस मदत करणारा म्हणून दाखविला.

आपल्या न्यासाच्या औषधोपचार-मदतीच्या अर्जात पाचवा रकाना आहे: मंडळीच्या सभासदत्वाचा दाखला. तो गाळावा असा ठराव दुपारच्या बैठकीत येणार आहे. विरोध करणारांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. हा निधी आपल्या आयाबायांनी मूठमूठ तांदूळ बाजूला ठेवून उभा केला; आपलीच मुले फीवाचून अडली आहेत, हेही खोटे नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जात तो रकाना राहिला तर आमची हरकत नाही. ज्या कामासाठी पैसा मागितला त्या कामी तो लागावा. पण तापाने फणफणलेल्या माणसाकडे दाखला मागावयाचा, तर तो कोणाच्या नावाने मागावयाचा हे विश्वस्तांनी ठरवावे. आम्ही या न्यासाचे साधे सभासद आहोत. आमचे मत रकाना गाळण्याच्या बाजूने पडेल, हे आताच सांगून ठेवतो. जेवणाची घंटा होऊन गेली आहे, तेव्हा अधिक वेळ घेत नाही.