खोलीचे माप आपल्या हाती

दिवाळी किंवा ईद जवळ आली, घरात लग्न ठरले, की नवी फरशी, नवा रंग हवासा वाटतो. कारागीर येतो, टेप लावतो, आकडा सांगतो आणि आपण मान डोलावतो. मी कवितेच्या मात्रा बोटांवर मोजणारा माणूस. मला वाटते, ज्या आकड्यावर वर्षभराची बचत खर्च व्हायची, तो आपणही एकदा मोजून पाहावा.

लांबी गुणिले रुंदी, इतके हे सोपे आहे. फक्त इंच सांभाळायचे. फुटाचे इंच 12. म्हणून 10 फूट 9 इंच म्हणजे 10.9 नव्हे, 10.75 फूट. अशी खोली 12 फूट लांब असेल तर जमीन 129 चौरस फूट भरते. खोलीला कोनाडा असेल तर त्याचे माप वेगळे घेऊन मिळवावे. भिंती नेहमीच सरळ नसतात, तेव्हा दोन्ही टोकांना टेप लावावा. समोरासमोरच्या बाजू आणि दोन्ही कर्ण सारखे आले, तर कोपरे काटकोनात आहेत असे समजावे.

बाजारातली ‘दोन बाय दोन’ टाइल बहुधा 60 सेंटिमीटरची असते. ती पुरे 4 चौरस फूट नव्हे, सुमारे 3.87 भरते. आपल्या खोलीला 34 टाइल्स लागतील. कापाकापी व तुटफुटीसाठी दहा टक्के धरून 38 आणाव्यात.

रंगासाठी चारही भिंतींची लांबी, म्हणजे 45.5 फूट, गुणिले उंची. उंची 10 फूट असेल तर 455 चौरस फूट. त्यातून 7 बाय 3 चे दार आणि 4 बाय 4 ची खिडकी वजा केली की 418 उरतात. छताचे 129 वेगळे. दर ब्रासने सांगितला, तर एक ब्रास म्हणजे 100 चौरस फूट.

फ्लॅटच्या करारातला आकडा मात्र फरशीवाल्याला देऊ नये. 2016 च्या रेरा कायद्यानुसार चटईक्षेत्रात आतल्या भिंतींखालची जागाही धरलेली असते.

दार-खिडकी वजा करायची की नाही, हे काम सुरू होण्याआधीच ठरवावे आणि मापासह कागदावर लिहावे. त्याने आपले पैसे वाचतात आणि कारागिराची मजुरीही शेवटच्या दिवशी वादात अडकत नाही.