कान राहिले!

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त इंदूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



 आपण सारे इंदूरकरच असल्यामुळे, 'भिया राम!'

संयोजकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा विषय दिला नाही. 'काहीही बोला, पण पंधरा मिनिटांत आटपा,' एवढीच सूचना दिली. या शाळेत असताना वर्गात बोलल्याबद्दल मला अनेकदा उभे केले गेले. आज बोलण्यासाठीच उभे केले आहे. हा ऋणानुबंध ध्यानी घेऊन मी आपल्या सर्वांच्या खिशातल्या एका वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू आत्ता कृपया बंद ठेवावी.

फोनकडे वळण्यापूर्वी थोडे आपल्या गावाविषयी सांगितले पाहिजे. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांबरोबर मराठी माणूस माळव्यात आला आणि इथलाच झाला. संस्थान गेले, १९४८ मध्ये मध्य भारत झाला, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला. आपण मात्र राजवाड्याच्या आसपासच राहिलो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा भरले. आपली भाषा इथल्या हिंदीत इतकी मिसळली, की सराफ्यात रात्री 'भुट्टे का कीस' मागणाऱ्या कितीतरी जणांना आपण मराठी शब्द चाखतो आहोत याची कल्पनाही नसते.

दोन भाषांच्या उंबऱ्यावर वाढलेल्या मुलांना एक लाभ असा होतो, की विनोद शोधत हिंडावे लागत नाही. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत ती छडीने होते. माझी आजी गावाकडून प्रथमच इंदुरात आली, तेव्हा एका कचेरीवरची 'जिला शिक्षा अधिकारी' ही पाटी तिने सावकाश वाचली आणि म्हणाली, 'चला, इथलं सरकार निदान खरं तरी बोलतं.' हिंदीतली 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. 'मैंने बहुत चेष्टा की,' असे एका हिंदीभाषक मित्राने आमच्या गणिताच्या गुरुजींना सांगितले आणि त्याची जी अवस्था झाली, ती पाहणारे दोन-तीन साक्षीदार या सभागृहात आहेत.

आता फोन. आपल्या तुकडीचा एक व्हॉट्सॲप समूह आहे. त्यावर सकाळी सहापासून देवदर्शन सुरू होते. सोमवारी महादेव, मंगळवारी खजराण्याचा गणपती, गुरुवारी दत्तगुरू. कधी कधी सोबत सूचना असते, की हे चित्र अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत शुभवार्ता येईल. पूर्वी मी या प्रकाराची फार थट्टा करीत असे. मग आठवले, की हा प्रकार फोनने आणलेला नाही. आपल्या लहानपणी अशीच पोस्टकार्डे येत. देवीच्या नावाने अकरा कार्डे लिहा, नाहीतर अनिष्ट होईल. असे एक कार्ड आमच्या घरी आले, तेव्हा वडील काळजीत पडले. आईने ते कार्ड हातात घेतले, उलटसुलट केले आणि निकाल दिला, 'देवाला आपल्याशी बोलायचं असेल तर तो टपालखात्यासाठी थांबणार नाही.' मग तिने कार्डाच्या कोऱ्या कडेवर वाण्याचा हिशोब केला. माझी आई अतिशय श्रद्धाळू होती. देवावर रुसण्याचा, त्याची गंमत करण्याचा अधिकार तिने त्या श्रद्धेतूनच मिळवला होता.

याच समूहावर एक दिवस आमच्या एका मित्राने आनंदाची बातमी टाकली. नातू झाला होता. हिंदीसाठी बसवलेल्या कळफलकावर 'ळ' सहज सापडत नाही; 'ल'वर बोट दाबून धरावे लागते, तेव्हा कुठे तो मागून डोकावतो. एवढा दम आमच्या मित्राला नव्हता. त्याने लिहिले, 'काल घरी बाल आला. सर्वांना फार आनंद.' पहिले उत्तर आले, 'एकच आला का? कोणते तेल लावतोस?' दिवसभर समूहावर हशा पिकला. त्या दिवसापासून हा गृहस्थ दिसेल त्या 'ल'वर बोट दाबून धरतो. परवा त्याने 'गुळाब' लिहिले. असो, ओढ 'ळ'कडे आहे, हे महत्त्वाचे.

आज मला जे सांगायचे आहे, ते पुढच्या प्रसंगातून मला उमगले.

तीन वर्षांपूर्वी आईला रुग्णालयात ठेवावे लागले होते. वय सत्त्याऐंशी. चार दिवसांनी तिला उतार पडला, तेव्हा मी घरच्या समूहावर तीनच शब्द लिहिले, 'आई बरी आहे.' माझा मुलगा बंगळुरूला असतो. त्याचा मुलगा, म्हणजे माझा नातू, तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याला देवनागरी वाचता येते. शाळेत हिंदी आहे म्हणून. घरात आईला तो मम्मा म्हणतो. बापाच्या फोनवर त्याने हा निरोप वाचला आणि गोंधळून मला फोन केला, 'आबा, कौन आई? और किस केस में बरी हुई?'

मी प्रथम हसलो. 'आई' म्हणजे आली, 'बरी' म्हणजे निर्दोष सुटली. मुलाने वाचलेले एकही अक्षर चुकीचे नव्हते. मग मात्र हसू ओसरले. ज्या तीन शब्दांनी माझा जीव भांड्यात पडला होता, ते तीन शब्द माझ्याच नातवापर्यंत पोहोचले नव्हते. आमच्या दोघांच्या मध्ये बंगळुरूचे अंतर नव्हते. ते तर फोनने केव्हाच पुसले होते. मध्ये होतो मी.

मित्रहो, इथे मला कबुली दिली पाहिजे. ज्या शाळेच्या महोत्सवात मी आज हार घालून घेतला, त्या शाळेत मी माझ्या मुलाला घातले नाही. इंग्रजी शाळेत घातले. त्या वेळी कारणे होती, ती सारी शहाणपणाची होती, आणि आजही कोणी सल्ला विचारला तर त्यांतली अर्धी मी सांगेन. या सभागृहातल्या बहुतेकांनी हेच केले आहे, म्हणून कोणी माझ्याकडे रागाने पाहत नाही. मराठी वर्गांतली मुले कमी होत गेली, ती काही आकाशातून कोणी उचलून नेली नाहीत. आपणच आपापल्या मुलांची बोटे धरून ती दुसऱ्या फाटकातून आत नेली.

घरी आल्यावर मी हा किस्सा आईला सांगितला. ती अंथरुणावर पडल्या पडल्या हसली. म्हणाली, 'सांग त्याला, निर्दोष सुटून आलेय म्हणावं. आणि रोज दिवेलागणीला त्याला फोनवर बसव. रामरक्षा शिकवते.'

मला वाटले, आईची हौस आहे, दोन दिवस चालेल. शिवाय तिला ऐकू कमी येत असे. म्हणून मी तिला फोनवर एका नामवंत गायकाच्या आवाजातली रामरक्षा लावून दिली. सुरेल, शुद्ध, एकही उच्चार इकडचा तिकडे नाही. तिने ती पूर्ण ऐकली, हात जोडले आणि म्हणाली, 'छान म्हणतो. पण याला माझी गरज नाही. तू त्याला लाव.'

मग तो कार्यक्रम सुरू झाला. इकडे उशीला टेकवलेला फोन, तिकडे नातवाचा अर्धा चेहरा आणि वर फिरणारा पंखा. रामरक्षा आपणा सर्वांना शाळेपासून पाठ आहे. तीत मस्तकापासून पायापर्यंत एकेक अवयव रामाच्या स्वाधीन करायचा असतो. नातू मस्तक, कपाळ, डोळे इथवर आला आणि एकदम नाकावर गेला. फोन लावणाऱ्या माणसाची हाक जिला ऐकू येत नव्हती, त्या बाईने तत्काळ हात वर केला. 'थांब! कान राहिले! अरे, आधीच मला कमी ऐकू येतं. कान आधी रामाच्या हवाली कर, मग नाकाचं बघू.'

मुलगा खो खो हसला. दुसऱ्या दिवशी त्याने कान पुन्हा वगळले. तिसऱ्या दिवशीही. पुढे माझ्या लक्षात आले, की आता तो मुद्दाम वगळत होता, आणि हे आईच्याही लक्षात आले होते. तो चुके, ती ओरडे, दोघे हसत आणि स्तोत्र पुढे जाई. आठ महिने हे चालले. आठ महिन्यांत पोराला रामरक्षा आली, आणि 'आई बरी आहे' म्हणजे काय, हेही आले.

त्यानंतर आई गेली. दिवसवार झाल्यावर सारी मंडळी घरात असताना दिवेलागणीला नातू आपण होऊन देवापुढे बसला. डोळ्यांचा चरण म्हटला आणि थांबला. आमच्याकडे पाहून किंचित हसला. मग कानांचा चरण त्याने नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटला आणि पुढे गेला.

तेव्हापासून मी फोनला नावे ठेवीत नाही. त्या आठ महिन्यांची देणगी त्याचीच आहे. पण त्याच्याकडून काय मिळत नाही, हेही मला कळले आहे. त्यात सगळी स्तोत्रे आहेत, आरत्या आहेत, शब्दकोश आहेत. तो शुद्ध म्हणून दाखवतो. आपण चुकलो तर त्याचे काही अडत नाही. आपण गप्प झालो तरी नाही. आरतीतल्या नागाची ज्यांनी आजवर लाकडी फळी करून ठेवली आहे, त्यांना कोणी शेजारी उभे राहून, कोपराने ढोसून, हसत हसत सांगणारे लागते. या शाळेने आपल्याला काय दिले, असा प्रश्न या महोत्सवात अनेकांनी विचारला. शाळेने आपल्याला ऐकणारे कान दिले. चाळीस पोरांच्या कोलाहलातून एकाच्या ओठांवरचा चुकलेला 'ळ' ज्यांना ऐकू जाई, असे गुरुजी आणि बाई दिल्या. त्यांच्या कानांवर आपण पोसलो. आपल्या नंतरच्या पिढीला मात्र आपण फोन दिला. कान द्यायचे राहिले.

यावर उपाय काय? मी थोर माणूस नाही, माझी सूचनाही लहान आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री आपण सारे लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून गिरण्यांच्या झांक्या पाहत असू. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. हुकूमचंद मिल १९९१ मध्ये बंद झाली. कामगारांचे देणे वर्षानुवर्षे अडकले. तरीही गिरण्यांच्या नावाने झांकी निघत राहिली. भोंगा थांबला, पगार थांबला, तरी त्या माणसांनी वर्गणी गोळा करून, रात्री जागून गणपतीची मिरवणूक चालू ठेवली. इमारत बंद पडल्यावरही काय शिल्लक राहू शकते, हे या गावाने आपल्याला डोळ्यांसमोर दाखवले आहे.

आपली शाळा तर अजून उघडी आहे. दर शनिवारी दुपारी एक तास तिचा एक वर्ग आपण मागून घेऊ. आपल्यापैकी ज्यांना वेळ आहे, आणि या वयात तो बराच आहे, त्यांनी येऊन बसावे. इथली, पुण्याची, बंगळुरूची, अमेरिकेतली आपली नातवंडे फोनवरून हजर राहतील. त्यांनी मराठीत काहीही वाचावे. स्तोत्र वाचावे, विनोद वाचावा, पोह्यांवर जीरावन किती घालावे हे वाचावे. आपण फक्त ऐकायचे, आणि चुकले की हसून हात वर करायचा. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. पहिल्या शनिवारी माझा नातू येणार आहे. त्याने मला बजावले आहे, की तो एक चूक मुद्दाम करणार आहे, आणि ती सभागृहातल्या कोणाला सापडते ते त्याला पाहायचे आहे.

पंधरा मिनिटे संपली असावीत. अध्यक्ष महोदय घड्याळाकडे पाहत आहेत. माझ्या भाषणात व्याकरणाच्या चुका झाल्या असतील, तर पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंनी त्या नोंदवून ठेवल्याच असतील. त्या त्यांनी मला नंतर अवश्य सांगाव्यात. माझी चूक ऐकणारे कान आता फार थोडे उरले आहेत, आणि त्यांच्यापुढे उभे राहायला मिळाले, हाच माझा हीरक महोत्सव.